‘ल्युनॅटिक’ या शब्दातला चंद्र: दूषण की दिलासा?

आडोशी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात गावचे घर रंगवायला काढले तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत दोन वस्तू सापडल्या. त्यांच्यामुळे सुचलेला एक विचार इथे मांडते. पटला नाही तर तसेच सांगा.

पहिली वस्तू म्हणजे १९६१ सालचा कोर्टाचा कागद. इंग्रजीत टाइप केलेला, घड्यांवर फाटत आलेला. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे घर अण्णा म्हणायचे, त्यांचे नाव त्यात एकदाच येते. पुढे सगळीकडे ‘द सेड ल्युनॅटिक’. सदर ल्युनॅटिकची जमीन, सदर ल्युनॅटिकचे बैल, सदर ल्युनॅटिकच्या वाट्याची आमराई. १९१२ च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टाखाली त्यांच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमला, त्याचा तो हुकूम.

दुसरी वस्तू, अण्णांची जमाखर्चाची वही. लाल कापडी बांधणीची, शक आणि तिथी घालून लिहिलेली. अक्षर असे की बघत राहावे. पानामागून पान नीट चालते आणि मध्येच थांबते. पुढे कोरी पाने. मग पुन्हा तेच अक्षर, तितकेच सरळ, जणू मध्ये काही झालेच नाही. राहून गेलेल्या दिवसांची पाने त्यांनी परत आल्यावर मोजून मोकळी सोडली होती.

‘परत आल्यावर’ म्हणाले, कारण आमच्या घरात असेच म्हणत. अण्णा पडवीत स्वतःशी बोलत बसलेले असोत, रात्रभर अंगणात येरझारा घालत असोत, आजी पोरांना सांगायची, “अण्णा परगावी गेलेत, त्रास देऊ नका.” माणूस डोळ्यांसमोर बसलेला आणि तो परगावी! माझ्या वडिलांना त्यात काही वावगे वाटायचे नाही. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी अण्णा आंघोळ करून, गंध लावून ओटीवर यायचे. आजी चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणायची, “आले हो अण्णा.”

तो कागद वाचल्यावर मी ‘ल्युनॅटिक’ शब्दाच्या मागे लागले. लॅटिनमध्ये ‘लुना’ म्हणजे चंद्र, त्यावरून ‘लुनाटिकुस’, म्हणजे चंद्राने धरलेला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. त्याच्याही आधी जुन्या इंग्रजीत ‘मोनसेओक’ असा शब्द होता, ‘चंद्रामुळे आजारी’ अशा अर्थाचा. सर्वसाधारण समज असा की हा शब्द म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. पण इंग्रजांच्या जुन्या कायद्यात त्याचा अर्थ फार बारकाईने सांगितलेला आहे. ब्लॅकस्टोन हा अठराव्या शतकातला कायदेपंडित. १७६५ पासून आलेल्या, इंग्रजी कायद्यावरच्या त्याच्या भाष्यग्रंथात तो म्हणतो की ल्युनॅटिक म्हणजे ज्याला आधी समज होती आणि आजाराने, दुःखाने किंवा अपघाताने ती गेली असा माणूस. आणि खरे तर ज्याला अधूनमधून शुद्ध येते तोच ल्युनॅटिक. कधी भानावर, कधी नाही, आणि हे बहुधा चंद्राच्या बदलांप्रमाणे.

माझे म्हणणे एवढेच आहे. या शब्दात चंद्र आला तो कलांसाठी. चंद्र जातो आणि परत येतो. आपल्या ‘वेडा’ शब्दात परत येणे नाही. ‘वेडा’ म्हटले की झाला वेडा. ल्युनॅटिक हा शब्द मुळात माझ्या आजीच्या ‘परगावी गेलेत’च्या जवळचा होता. नंतर तो शिवी झाला, शिक्का झाला. पण जन्माने तो क्रूर नव्हता.

घनपाठी

आडोशीताई, वहीचे वाचून गलबललो. पण यासाठी ब्लॅकस्टोनपर्यंत जायला हवे होते का? ‘चन्द्रमा मनसो जातः’ हे पुरुषसूक्त आपल्याकडे घरोघर म्हटले जाते. ऋग्वेदाचे दहावे मंडल, नव्वदावे सूक्त. चंद्र आणि मन यांचे नाते आपल्या ऋषींनी केव्हाच सांगितलेले आहे. ज्योतिषात चंद्र मनाचा कारक मानतात तो याच परंपरेने. मन चंचल, चंद्रही रोज वेगळा.

शिवाय शब्दांची नातीही बघा. ‘लुना’चे मूळ प्रकाशवाचक धातूत आहे, आणि आपला ‘रुच्’ धातू त्याच कुळातला: रोचना, रुचिर. तिकडे ‘ल’, आपल्याकडे ‘र’. उलट आपला ‘चंद्र’ हा लॅटिन ‘कांदेरे’ या क्रियापदाचा भाऊबंद, म्हणजे लखलखणे, आणि ‘कँडल’ त्याच घरातली. दोन्हीकडे मुळात फक्त उजेड आहे. वेड नंतर चिकटले.

कार्यकारण

घनपाठी, व्युत्पत्ती मान्य. पण पुरुषसूक्ताचा अर्थ तुम्ही उलटा लावताय. तिथे विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र झाला असे आहे. पुढच्याच शब्दांत डोळ्यापासून सूर्य झाला, म्हणून सूर्यामुळे डोळे येतात असे कोणी म्हणत नाही. चंद्रामुळे मन बिघडते, हे त्या ऋचेत कुठेही नाही.

आता मूळ मुद्दा. चंद्राचा वेडाशी संबंध आहे का? नाही. १९८५ साली रॉटन आणि केली या दोघा संशोधकांनी तोवरचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. मनोरुग्णालयातल्या भरत्या, आत्महत्या, गुन्हे, मदतीसाठी आलेले फोन, सगळे त्यात होते. चंद्राच्या कलेने या चढउतारांतला एक टक्काही समजावून देता आला नाही. त्यामुळे ‘ल्युनॅटिक’ हा शब्द सुंदर होता, दयाळू होता वगैरे म्हणण्याआधी तो खोटा होता हे म्हणायला हवे. खोट्या निदानावर बेतलेला शब्द दयाळू असू शकत नाही, कारण त्यामुळे उपाय चुकतो.

रात्रपाळी

माफ करा, पण मी २२ वर्षे नर्स आहे, त्यातली ९ मनोविकार वॉर्डात. पौर्णिमेच्या आसपास वॉर्ड जागा असतो. ३७ अभ्यास करणारे रात्री दोन वाजता वॉर्डात उभे होते का?

जिथे मी आधी होते तिथे खिडक्या मोठ्या, गज होते, पडदे नव्हते. पूर्वेकडच्या ओळीतल्या सहा खाटांवर चांदणे थेट पडायचे. त्या सहा जणांपैकी कोणी ना कोणी उठून गजांना धरून उभे असायचेच. एक आजोबा चादर डोक्यावरून घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “सिस्टर, लाइट बंद करा.” लाइट तर बंदच असायचा. मी माझ्या दोन जुन्या साड्या शिवून त्या खिडक्यांना लावल्या. पौर्णिमेच्या रात्री त्यानंतर निम्म्याने शांत गेल्या. हे मी पाहिलेले आहे.

कार्यकारण

रात्रपाळी, तुमच्या अनुभवाचा अनादर नाही. पण धामधुमीच्या रात्री खिडकीत पूर्ण चंद्र दिसला की ती रात्र लक्षात राहते. धामधुमीचीच दुसरी रात्र वद्य पंचमीची असली तर ‘आज पंचमी म्हणून’ असे कोणी म्हणत नाही.

आणि कोणी भरती-ओहोटीचा दाखला देण्याआधीच सांगतो, कारण तो हमखास येतो: शरीरात पाणी, समुद्रात पाणी, म्हणून चंद्र मेंदूत उधाण आणतो. समुद्राला भरती येते कारण पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या चंद्राच्या ओढीत फरक पडतो, आणि पृथ्वीचा व्यास जवळपास १२,७०० किलोमीटर आहे. साडेपाच फुटी माणसात डोके आणि पाय यांच्यावरच्या ओढीत पडणारा फरक जवळजवळ शून्य. विहिरीला भरती येताना कोणी पाहिली आहे? आणि कोकणातल्या कुणालाही विचारा, उधाण पौर्णिमेइतकेच अमावास्येलाही येते. मग युरोपातले वेड फक्त पूर्ण चंद्राला का धरून बसले?

वसईकर

या शब्दाचा एक मराठी धागा आमच्या घरात आहे, तो सांगतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात एक बाप येशूपुढे गुडघे टेकतो आणि मुलासाठी दया मागतो. मुलगा वारंवार विस्तवात पडतो, वारंवार पाण्यात पडतो. मूळ ग्रीकमध्ये त्या मुलासाठी जे क्रियापद आहे ते ‘सेलेने’वरून, म्हणजे चंद्रावरूनच. लॅटिन बायबलात तिथे ‘लुनाटिकुस’ आले. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘ल्युनॅटिक’. पण लक्षणे वाचा: अचानक पडणे, विस्तवात, पाण्यात. मराठी बायबलात तिथे शब्द आहे ‘फेफरेकरी’.

मला हे लहानपणापासून पाठ आहे, कारण आजी ते मोठ्याने वाचायची. इंग्रजीत तो मुलगा शतकानुशतके वेडा ठरला, मराठीत त्याला त्याचे खरे दुखणे मिळाले. म्हणजे ल्युनॅटिक या शब्दाच्या पोटात वेडाच्या शेजारी फेफरेही बसलेले आहे. आडोशीताईंनी ही बाजू घेतली नाही म्हणून लिहिले.

हातावरची_घडी

वसईकर, तुमचा प्रतिसाद वाचून लॉगिन केले. एरवी मी इथे नुसती वाचते.

माझ्या धाकट्या भावाला फेफरे यायचे. पहिले आले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. योगायोगाने अमावास्या होती. त्यानंतर आमच्या घरातल्या कॅलेंडरवर दर अमावास्या-पौर्णिमेला लाल पेनाने गोल असायचा. त्या दिवशी त्याला शाळेत पाठवायचे नाही, विहिरीकडे जाऊ द्यायचे नाही, संध्याकाळी नारळ उतरवून टाकायचा. मधल्या दिवशी झटका आला तर आई म्हणायची, “अमावास्येचे राहिलेले आले.” सहा वर्षे. सहा वर्षांनी शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी ईईजी काढला, गोळ्या सुरू केल्या आणि झटके दोन महिन्यांत थांबले. ती सहा वर्षे चंद्राने खाल्ली. तो दहावीला बसू शकला नाही.

म्हणून आडोशीताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला या शब्दातल्या चंद्राचे कौतुक करवत नाही. आपल्याकडेही तोच चंद्र आहे, लॅटिन लागत नाही.

आणि कायद्याचेही ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींत ‘इडियट किंवा ल्युनॅटिक’ नसावा असे होते. १९७६ साली शब्द बदलले, पण त्या वेळी वेडाच्या झटक्यांच्या जोडीला फेफऱ्याचे झटके घातले. फेफरे त्यातून निघाले ते १९९९ मध्ये. भावाचे लग्न १९९६ साली मोडले. मुलीकडच्यांनी कायद्यातले ते वाक्य वाचून दाखवले. तोवर झटका येऊन चार वर्षे झाली होती.

वसईकर

वाचून थांबलो. ते वाक्य कायद्यात गेले तेव्हा शुभवर्तमानातल्या त्या मुलाचेच पुन्हा झाले, असे वाटले. भाऊ आता कसे आहेत?

हातावरची_घडी

बरा आहे. स्वतःचे झेरॉक्सचे दुकान आहे, लग्न २००३ मध्ये झाले, मुलगी बारावीत आहे. विचारलेत, बरे वाटले.

घनपाठी

ताई, तुमच्या भावाचे जे झाले ते चूकच. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण कार्यकारण यांना उत्तर द्यायचे राहिले आहे. पुरुषसूक्तात मनापासून चंद्र, हे मान्य. पण ऐतरेय उपनिषदात ‘चन्द्रमा मनो भूत्वा हृदयं प्राविशत्’ असे आहे. चंद्र मन होऊन हृदयात शिरला. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी आहे.

आणि सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र बघा. कोणता ग्रह, म्हणजे झपाटणारी शक्ती, माणसाला कधी धरतो ते तिथे तिथीवार दिले आहे. पौर्णिमेला देवग्रह, अष्टमीला गंधर्व, प्रतिपदेला यक्ष, चतुर्दशीला पिशाच. म्हणजे निरीक्षण करून कोणीतरी नोंद ठेवत होते.

कार्यकारण

तुम्ही दिलेल्याच यादीवरून बोलतो. पौर्णिमा, अष्टमी, प्रतिपदा, चतुर्दशी. पंधरवड्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी कोणी ना कोणी वाटणीला आले आहे. ज्या यादीत थोडे मागेपुढे केले की कोणताही दिवस बसवता येतो ती यादी चंद्राबद्दल काहीच सांगत नाही. ताईंच्या आईचे ‘राहिलेले आले’ हेच. मात्र त्याच ग्रंथांत वात, पित्त, कफाने होणारा उन्माद वेगळा काढला आहे आणि त्याला औषध सांगितले आहे. अभिमान बाळगायचा तर त्या अर्ध्या भागाचा बाळगू.

पहाटवारा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रात्रपाळी यांच्या साड्यांच्या पडद्यांसाठी लिहितो आहे, कारण मला त्या एकाच वेळी बरोबर आणि चूक वाटतात.

१९८५ चा तो आढावा भक्कम आहे. आजच्या शहरात, विजेच्या दिव्यांत, सरसकट सगळ्यांचे आकडे घेतले तर चंद्र दिसत नाही. पण १९९९ मध्ये रेझन आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: विजेचे दिवे येण्याआधी काय होत असेल? तेव्हा महिन्यातल्या उजेडाच्या रात्री म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच्या. लोक त्या रात्रींत जागत, प्रवास करत. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमला जेम्स वॅट, जोसेफ प्रिस्टली, इरॅस्मस डार्विन अशा मंडळींची लूनर सोसायटी पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी भरायची, घरी परतताना रस्ता दिसावा म्हणून. आणि आपली कोजागरी तर जागण्याचीच रात्र.

आता उन्माद-अवसाद, म्हणजे बायपोलर असलेल्या माणसाला एक रात्र जागरण झाले तरी उन्माद सुरू होऊ शकतो. हे आम्ही रोज पाहतो. फेफऱ्याचेही तसेच, झोप मोडली की झटक्याची शक्यता वाढते. चंद्राने काही ओढायचे नाही, पाणी हलायचे नाही. चांदण्याने झोप मोडायची आणि झोपेने पुढचे करायचे. मला हे पटते.

याला आणखी आधार आलेला आहे. २०२१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अर्जेंटिनातल्या टोबा-कोम या आदिवासी लोकांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रे बांधली होती. त्यात वीज असलेल्या वस्त्या होत्या, नसलेल्याही होत्या. पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींत माणसे उशिरा झोपत आणि कमी झोपत. २०१८ मध्ये टॉमस वेर यांनी झपाट्याने फेरे येणाऱ्या १७ बायपोलर रुग्णांच्या नोंदी छापल्या. त्यांचे मनाचे फेरे चंद्राच्या फेऱ्यांशी ताल धरताना दिसले. १७ म्हणजे फार थोडे, हे मान्य. पण बाजूला सारण्यासारखेही नाही.

हातावरची_घडी यांना एकच: तुमचे म्हणणे सगळ्यांत महत्त्वाचे आहे. संबंध असला तरी तो झोपेतून आहे, आणि त्यावर उपाय नियमित झोप आणि गोळ्या हाच आहे, नारळ नाही.

कार्यकारण

डॉक्टर, झोपेचा मार्ग असेल तर मला अडचण नाही. फक्त पौर्णिमेचा जमिनीवर पडणारा उजेड पाव लक्सच्या आसपास (लक्स हे उजेड मोजायचे एकक). रस्त्यावरचा दिवा त्याच्या कितीतरी पट. मग आज तो परिणाम कसा टिकेल?

पहाटवारा

टोबा-कोम लोकांमध्येही वीज नसलेल्या वस्तीत तो जास्त ठळक होता. शहरात दिव्यांमुळे तो फिका पडतो. पडदे नसलेल्या वॉर्डात, रात्री दिवे मालवल्यावर, पूर्वेच्या खिडकीत तो पुन्हा वर येत असेल. म्हणून रात्रपाळी यांच्या साड्यांना मी नाकारत नाही.

रात्रपाळी

मी काही लक्स मोजले नव्हते. आजोबा झोपले, मला तेवढे पुरे होते.

शिरस्तेदार

मी दिवाणी वकिली करतो. धागा वैद्यकाकडे गेला, तो पुन्हा आडोशीताईंच्या कागदाकडे आणतो, कारण त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते.

इंग्लंडात चौदाव्या शतकापासून राजाच्या हक्कांबद्दलचा जो कायदा होता, त्यात दोन प्रकारची माणसे वेगळी केली होती. जन्मजात मंदबुद्धी असलेल्याच्या जमिनीचे उत्पन्न राजा घेई. पण ज्याची समज येते-जाते त्याची जमीन राजाने नुसती सांभाळायची, नासू द्यायची नाही, स्वतः काही घ्यायचे नाही आणि माणूस भानावर आला की त्याला परत द्यायची. ताईंच्या ‘परत येणे’ला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

दुसरा पुरावा आजही चालू आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १२. एरवी मन ठिकाणावर नसलेला पण मध्ये मध्ये भानावर येणारा माणूस त्या भानावरच्या काळात करार करू शकतो. खाली उदाहरणही दिले आहे, वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णाचे, जो मधून मधून शुद्धीवर येतो. शब्द ‘ल्युनॅटिक असायलम’ असेच आहेत. अजून पुस्तकात आहेत.

पण अर्धे पटत नाही ते इथे. १९१२ च्या कायद्याने ल्युनॅटिकची व्याख्या केली: इडियट किंवा अस्थिर मनाची व्यक्ती. संपले. शतकानुशतके जपलेला फरक या व्याख्येत उरलाच नाही. अण्णांना लागू झाला तो हा ल्युनॅटिक, ब्लॅकस्टोनचा नव्हे. शब्दाचा जन्म कसा झाला याने माणसाला काय फरक पडतो? त्याच्या कपाळी येतो तो शब्दाचा शेवटचा अर्थ. इंग्लंडने हा शब्द १९३० मध्ये कायद्यातून काढायला घेतला, अमेरिकेने आपल्या संघराज्याच्या कायद्यांतून २०१२ मध्ये, आपण १९१२ चा कायदा रद्द केला १९८७ च्या कायद्याने. २०१७ च्या कायद्यात तर व्यक्तीला स्वतःच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवता येते, भानावर असताना. माझ्या मते परत येण्याची खरी कदर तिथे आहे, आणि तिथे चंद्र नाही.

दूरदेशी

मी १९ वर्षे अमेरिकेत आहे. शिरस्तेदार म्हणतात तो २०१२ चा कायदा मला आठवतो, प्रतिनिधीगृहात विरोधात एकच मत पडले होते. कायद्यातून गेला तरी ऑफिसात, रस्त्यावर तो शब्द रोज कानावर येतो, आणि येतो तो हसण्यासाठी. माझी बहीण बायपोलर आहे. ती माझ्याकडे आली होती तेव्हा कोणीतरी गाडी चुकीची वळवली म्हणून टॅक्सीवाला ‘ल्युनॅटिक’ म्हणाला. तिने मला अर्थ विचारला. मी ‘बेफिकीर’ असे सांगितले. ती म्हणाली, “खरे सांग.” आडोशी, तुमचा लेख तेव्हा हाताशी असता तर मी तिला ‘चंद्रासारखा जाऊन येणारा’ असे सांगितले असते. म्हणून माझे मत तुमच्या बाजूने.

हातावरची_घडी

दूरदेशी, आणि मग ती त्याला काय म्हणाली असती? टॅक्सीवाल्याच्या तोंडी तो अर्थ नव्हता. शिरस्तेदार म्हणतात तेच खरे.

घनपाठी

एक छोटी भर. लॅटिनमध्ये ‘लुनाटिकुस’सारखाच घडलेला शब्द ‘फानाटिकुस’, ‘फानुम’ म्हणजे देऊळ यावरून. देवळात ज्याच्या अंगात आले तो. आज फॅनॅटिक म्हणजे माथेफिरू. चंद्राचा आणि देवळाचा, दोन्ही शब्द एकाच रस्त्याने उतरले. यावर मला काही सिद्ध करायचे नाही, फक्त लक्षात आले. आणि कार्यकारण, यादीचा तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यात आहे. उत्तर नाही सापडले.

पहाटवारा

आडोशी, एक विनंती. वही तिथीवार आहे म्हणता. कोरी पाने कोणकोणत्या तिथीपासून सुरू होतात ते बघून सांगाल का? या धाग्यात सगळे चंद्राबद्दल बोलताहेत आणि पुरावा तुमच्या ट्रंकेत आहे.

आडोशी (धागाकर्ती)

काल रात्री वही घेऊन बसले. सगळ्यांना एकत्र लिहिते.

शके १८८० पासूनची वही आहे, म्हणजे १९५८. कोरी पाने चार वेळा. पहिल्यांदा चैत्र वद्य चतुर्थीपासून. पुढच्या वर्षी वैशाख शुद्ध षष्ठी. तिसऱ्यांदा चैत्र वद्य एकादशी. चौथ्यांदा वैशाख शुद्ध द्वितीया. पौर्णिमा नाही, अमावास्या नाही. कार्यकारण, तुमचे बरोबर. चंद्राची कला कुठे जुळत नाही.

पण महिना दर वेळी चैत्र-वैशाख. डॉक्टरांना निरोपातून विचारले तेव्हा ते म्हणाले की उन्मादाचे झटके वसंतात आणि उन्हाळ्यात जास्त दिसतात अशा बऱ्याच देशांतल्या नोंदी आहेत. मग मी कोऱ्या पानांच्या आधीची पाने पुन्हा वाचली, या वेळी फक्त आकडे न बघता. चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडे आंबा. आमराईत रात्रीची राखण, वानरांना आणि चोरांना हाकलायला. माचावर कंदील घेऊन बसायचे. चारही वेळा कोऱ्या पानांच्या आधी आठ-दहा दिवस एकच नोंद वेगवेगळ्या शब्दांत आहे: ‘राखणीस गडी नाही, स्वतः.’ ‘राखण स्वतः.’ ‘गडी आजारी. स्वतः गेलो.’ शेवटी नुसतेच ‘स्वतः’.

रात्रपाळी, तुमची साडी त्या माचाला लावता आली असती तर, असे मनात आले. चांदण्यासाठी नव्हे, झोपेसाठी.

हातावरची_घडी, तुमच्या भावाबद्दल वाचल्यावर मी माझे पहिले म्हणणे अर्धे मागे घेते. शब्द जन्माने क्रूर नव्हता हे मला अजून वाटते, पण ज्यांच्यावर तो पडला त्यांना ते सांगायला जाणार नाही.

शिरस्तेदार, १९१२ च्या कायद्यातही माणूस बरा झाला तर कोर्टाला हुकूम फिरवता येत असे, असे तुम्ही निरोपात कळवलेत. मी कागद उलटून पाहिला. हुकूम जूनचा, अण्णा परगावी असतानाचा. तो फिरवण्यासाठी कोणी अर्ज केल्याची नोंद नाही. ज्यांनी करायचा ते माझे आजोबाच होते.

वहीत जूननंतर एकच पान लिहिलेले आहे. आधी नेहमीसारखी मोजून सोडलेली कोरी पाने. मग, त्याच अक्षरात: ‘शके १८८३, श्रावण शुद्ध पंचमी. मीठ २ शेर, काडेपेटी १, बैलांस पेंड.’ पेंडीवर नंतर रेघ मारली आहे. बैल तेव्हा त्यांचे राहिले नव्हते.